घट्ट माल, मंद धार: मीटर की काटा?

सोयाबीनच्या कच्च्या तेलात साधारण दोन-तीन टक्के गम असतो. तो पाण्याने फुगवून सेंट्रिफ्यूजवर वेगळा केला आणि वाळवला की लेसिथिन तयार होते. चॉकलेटपासून रंगापर्यंत खपणारा हा तपकिरी माल मधाइतका घट्ट असतो. बुलढाणा जिल्ह्यात कपाशीच्या जोडीने सोयाबीन भरपूर पिकते. इथल्या शेतमालावर इथेच प्रक्रिया व्हावी, हे खामगाव-मलकापूरकडे दर निवडणुकीत ऐकू येते. मात्र घट्ट आणि सावकाश वाहणारा माल मोजायचा कसा, हा प्रश्न कारखाना उभा राहिल्यावरच समोर येतो, आणि तोवर मीटरची ऑर्डर बहुधा गेलेली असते.

समजा, प्लांट दिवसाला 100 टन तेलाचा आहे. त्यातून लेसिथिन निघेल तासाला सुमारे 100 किलो, म्हणजे मिनिटाला पावणेदोन किलोच्या आतच. त्याचा चिकटपणा खोलीच्या तापमानाला 10,000 सेंटिपॉइझच्या आसपास धरा. पाण्याचा असतो 1. पंचवीस मिलिमीटरच्या पाइपमधून ही धार जाते तेव्हा, प्रवाह किती खळाळता आहे हे सांगणारा रेनॉल्ड्स अंक एकाच्याही खाली राहतो. टर्बाइन किंवा ओरिफिस मीटर हजारोंच्या अंकावर, खळाळत्या प्रवाहासाठी बनवलेले असतात. इथे ते दाखवतील त्या आकड्यावर विश्वास ठेवणे कठीण. विद्युतचुंबकीय मीटरला द्रव विद्युतवाहक लागतो. तेल आणि लेसिथिन तसे नसल्याने तोही बाद.

खरे दावेदार दोनच उरतात. ओव्हल गिअर मीटरची गंमत अशी, की द्रव जितका घट्ट तितकी गिअरच्या फटीतली गळती कमी आणि मोजणी अधिक विश्वासू. पण गिअर वाचवायला आधी गाळणी बसवावी लागते, आणि गमाच्या धंद्यात गाळणी तुंबणे हे रोजचेच. दुसरा कोरिऑलिस मास मीटर. तो थेट वस्तुमान मोजतो, घनताही सांगतो. विक्रेता त्याचे कौतुक करतो ते खोटे नाही. पण लहान प्रवाहासाठी त्याची नळी बारीक लागते, आणि व्यास घटला की दाबाचा तोटा त्याच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात वाढतो. आपल्याच उदाहरणात 25 मिलिमीटरच्या पाइपला दर मीटर लांबीमागे पाव बारहून थोडा जास्त दाब लागतो. नळी 10 मिलिमीटरची केली की तोच 11 बारच्या घरात जातो. त्यात हवेचे बुडबुडे अडकले, आणि घट्ट मालात ते सुटत नाहीत, की आकडा डोलू लागतो.

मग काटा का नको? वजन मोजणाऱ्या लोडसेलवर ठेवलेल्या टाकीला चिकटपणाशी देणेघेणे नसते. खामगावसारख्या गावाचा सगळा व्यापारच, कापूस असो वा चांदी, काट्यावर वाढला. काट्याची पडताळणी प्रमाणित वजने ठेवून जागेवरच होते. घट्ट तेलावर फ्लोमीटर शास्त्रशुद्ध तपासून घ्यायचा तर केरळातल्या पालक्काडच्या द्रव नियंत्रण संशोधन संस्थेसारखी प्रयोगशाळा गाठावी लागते. मीटर काढायचा, पाठवायचा, तोवर लाइन कशावर चालवायची?

काट्याची किंमत पैशात कमी असली तरी वेळात द्यावी लागते. 100 ग्रॅमच्या खुणेचा काटा मिनिटाच्या धारेवर सहा टक्के चुकू शकतो. दहा मिनिटे थांबलात तर चूक अर्ध्या टक्क्याच्या आसपास येते आणि तासभर थांबलात तर एक दशांश टक्क्यावर. टाकीत एकीकडून माल येत आणि दुसरीकडून जात असताना तो आंधळा असतो. टाकीला कडक पाइप जोडला तर पाइपचा ताणही तो वजन म्हणून दाखवतो. ही शेवटची चूक फार जण करतात आणि दोष लोडसेलला देतात.

म्हणून माझ्या मते सगळा निवाडा एका गोष्टीवर येतो: तुमची प्रक्रिया किती वेळ थांबू शकते? लेसिथिन पिंपात भरून विकायचे आहे. ते तासभर थांबू शकते. तिथे काटाच हवा. उरलेला गम काढण्यासाठी तेलात टाकल्या जाणाऱ्या फॉस्फोरिक ॲसिडचे तसे नाही. तेलाच्या सुमारे 0.1 टक्का म्हणजे तासाला चारेक किलो, लिटरमध्ये अडीचच्या आसपास. कमी पडले तर तेलात फॉस्फरस राहतो. जास्त झाले तर ते शमवायला कॉस्टिक सोडा जास्त लागतो आणि साबणाच्या गाळाबरोबर चांगले तेलही जाते. हे तासाभराने कळून उपयोग नाही. ॲसिड विद्युतवाहक असल्याने, त्याला सोसेल असे अस्तर असलेला छोटा विद्युतचुंबकीय मीटरही तिथे चालतो. पैसा तिथे घालावा.

व्हॉल्व्ह किती उघडा आहे यावरून अंदाज बांधण्याची सवय मात्र मीटरवाले आणि काटेवाले दोघांनीही सोडायला हवी. चिकटपणा तापमानाने झपाट्याने बदलतो. उदाहरणार्थ, ग्लिसरिनचा चिकटपणा 20 अंशांना सुमारे 1,400 सेंटिपॉइझ, 30 अंशांना सुमारे 600 आणि 40 अंशांना 280 च्या जवळ असतो. आपल्याकडे जानेवारीच्या रात्री पारा 10-12 पर्यंत उतरतो आणि मे महिन्यात बेचाळिशी ओलांडतो. तोच व्हॉल्व्ह, तीच खूण, पण धार कितीतरी पट वेगळी. तापमानाने आकारमानही बदलते, आणि तेलाच्या पिशवीवर यावरून वाद झाला होताच: एक लिटर सोयाबीन तेल 21 अंशांना सुमारे 919 ग्रॅम भरते आणि 60 अंशांना सुमारे 893. त्यामुळेच केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने पाकिटावर तापमानाचा उल्लेख न करता लिटरबरोबर वजनही छापायला सांगितले.

लेसिथिन उद्या पिंपाऐवजी थेट टँकरमध्ये, तेल मिसळून ठरावीक प्रतीचे करत सतत भरायचे ठरले, तर वरचा हिशेब पालटतो. मिश्रणाचे प्रमाण क्षणोक्षणी सांभाळावे लागेल, काट्याची तासाभराची उसंत मिळणार नाही. तेव्हा माल गरम करून पातळ ठेवावा आणि मोठ्या नळीचा कोरिऑलिस मीटर घ्यावा. टँकर तरीही वजनकाट्यावरूनच बाहेर काढावा.