काम करणाऱ्याला ऑफिस, सोडणाऱ्याला घर

अमेरिकेतल्या सरकारी नोकरीबद्दल भारतातल्या नातेवाइकांना काही समजावून सांगायचं तर पहिली अडचण शब्दांचीच येते. 'सरकारी नोकरी' म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे येते ती पक्की नोकरी, पेन्शन आणि लग्नाच्या बाजारात वधारलेला भाव. 'सरकारी जावई' हा शब्द उगाच नाही रूढ झाला. त्यामुळे इथल्या फेडरल सरकारातली माणसं हजारोंनी नोकऱ्या सोडतायत आणि भांडण म्हणे घरून काम करण्यावरून पेटलंय, हे कळल्यावर साताऱ्याचे माझे मामा फोनवर म्हणाले, "अगं, ऑफिसला या म्हटलं तर एवढं काय झालं? आम्ही पस्तीस वर्षं एसटीनं गेलो, कधी तक्रार केली का?"

मामांचा प्रश्न रास्त आहे. इथल्या आपल्या मंडळींपैकीही पुष्कळ जण तोच विचारतात, फक्त जरा हळू आवाजात. म्हणून हे लिहितेय. मी सोळा वर्षं एका फेडरल खात्यात आहे. खात्याचं नाव लिहीत नाही, कारण सांगायची गरज नाही.

आधी एक गैरसमज. घरून काम, म्हणजे ज्याला इथे टेलीवर्क म्हणतात, ही करोनाकाळात वाटलेली खिरापत नव्हे. पेटंट आणि ट्रेडमार्क कार्यालयाने ट्रेडमार्क तपासणाऱ्या वकिलांना घरून काम द्यायला १९९७ मध्येच सुरुवात केली. त्या कार्यालयातल्या पेटंट तपासनिसाचं काम मोजता येतं. अमुक दिवसांत अमुक इतके अर्ज निकाली निघाले की नाही, एवढाच हिशेब. तो टेबल कुठलं वापरतो याला महत्त्व नाही. फेब्रुवारी २०१० मध्ये वॉशिंग्टनला इतका बर्फ पडला की सरकारी कचेऱ्या सलग चार दिवस बंद ठेवाव्या लागल्या. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये टेलीवर्कचा कायदा झाला. प्रत्येक खात्याने धोरण ठरवायचं, कर्मचारी आणि साहेब यांच्यात लेखी करार व्हायचा, कोणाला घरून काम द्यायचं आणि कोणाला नाही हे कामाच्या स्वरूपावरून ठरायचं, असं त्यात आहे. हा कायदा आजही पुस्तकात आहे बरं का.

दुसरा गैरसमज म्हणजे सगळे सरकारी लोक घरीच बसून होते. डिसेंबर २०२४ मध्ये सिनेटर जोनी अर्न्स्ट यांच्या अहवालात आलं की फक्त ६ टक्के कर्मचारी पूर्णवेळ ऑफिसात येतात. हा आकडा सगळीकडे फिरला. तो आला होता एका वृत्तसंस्थेने वाचकांकडून भरून घेतलेल्या प्रश्नावलीतून, ज्याला वाटलं त्याने भरली. सरकारच्या अर्थसंकल्प कार्यालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये काँग्रेसला दिलेली माहिती वेगळी होती. सुमारे २३ लाख नागरी कर्मचाऱ्यांपैकी ५४ टक्क्यांचं काम असं की घरून करताच येत नाही. माजी सैनिकांच्या इस्पितळातल्या नर्सेस, विमानतळावर बॅगा तपासणारे, तुरुंगाचे रक्षक, जंगलातले रेंजर. कायमचे दूरस्थ होते १० टक्के. उरलेले, म्हणजे ज्यांना टेलीवर्क मिळू शकत होतं, ते कामाचे ६० टक्क्यांहून जास्त तास ऑफिसातच घालवत होते. मीही त्यातलीच. आठवड्याला तीन दिवस ऑफिस, दोन दिवस घर.

२० जानेवारी २०२५ ला, शपथविधीच्याच दिवशी, राष्ट्राध्यक्षांनी आदेश काढला की सर्वांनी पूर्णवेळ ऑफिसात यावं. इथवर मामांचं म्हणणं मला मान्य आहे. मालक सरकार आहे, ते म्हणेल तिथे बसू. पण आठच दिवसांनी, २८ जानेवारीला, सगळ्यांच्या इनबॉक्समध्ये ते प्रसिद्ध 'फोर्क इन द रोड' ईमेल आलं. त्यात असं होतं की ६ फेब्रुवारीपर्यंत राजीनामा कळवा, मग ३० सप्टेंबरपर्यंत पूर्ण पगार मिळेल आणि ऑफिसात यायच्या सक्तीतून सूट.

हे दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचा. जो नोकरी सोडतो त्याला आठ महिने घरी बसून पगार, आणि जो काम करू म्हणतो त्याने रोज ऑफिस गाठायचं. घरी बसल्यामुळे करदात्याचा पैसा वाया जातो ही जर खरी चिंता असती, तर काम न करता घरी बसायला पैसे दिले असते का? पहिल्या फेरीत सुमारे ७५ हजार जणांनी होकार दिला, पुढच्या फेऱ्या धरून हा आकडा दीड लाखावर गेला. माझ्या मजल्यावरून गेले ते कामचोर नव्हते. गेले ते निवृत्तीला आलेले जाणकार, ज्यांना कुठली फाइल का अडली आहे हे तोंडपाठ होतं, आणि गेले ते तरुण, ज्यांना बाहेर नोकरी मिळणं सोपं होतं. मधले आम्ही राहिलो.

हेतू कोणी लपवलाही नव्हता. नोव्हेंबर २०२४ मध्येच इलॉन मस्क आणि विवेक रामस्वामी यांनी वॉल स्ट्रीट जर्नलमध्ये लिहिलं होतं की पाच दिवस ऑफिसची सक्ती केली तर लोक आपणहून सोडून जातील आणि ते आम्हाला हवंच आहे. आपल्याकडे याला वेगळं नाव आहे. माणूस नकोसा झाला की त्याची बदली गडचिरोलीला करतात (गडचिरोलीकरांची क्षमा मागून). बदलीच्या ऑर्डरवर लिहिलेलं असतं 'प्रशासकीय कारणास्तव'. मामांनी स्वतः महसूल खात्यात अशा ऑर्डरी पाहिल्यात. मी त्यांना एवढंच म्हटलं, तेव्हा ते जरा थांबले.

मग फेब्रुवारीत पाच मुद्द्यांचं ईमेल. गेल्या आठवड्यात काय केलं ते पाच ओळींत लिहा, आणि मस्क यांनी समाजमाध्यमावर जाहीर केलं की उत्तर दिलं नाही तर राजीनामा समजू. एफबीआय, परराष्ट्र, संरक्षण अशा खात्यांनी आपल्या लोकांना सांगितलं की उत्तर देऊ नका. आमच्याकडे सोमवारी सकाळी एक सूचना, दुपारी दुसरी, संध्याकाळी तिसरी. ऑगस्टमध्ये हा प्रकार अधिकृतपणे बंद झाला. त्या हजारो ओळी कोणी वाचल्या, देव जाणे. प्रौढ, शिकलेली, हाताखाली माणसं असलेली मंडळी दर सोमवारी शाळेच्या वहीसारखे पाच मुद्दे भरत होती, आणि त्यातलं अवघड काम पाच शब्दांत मावत नव्हतं. मनोधैर्य खचतं ते अशा गोष्टींनी. प्रवासाने नाही.

प्रवासाचंही सांगते. जर्मनटाउनहून गाडीने शेडी ग्रोव्ह, तिथून रेड लाइन, मग दहा मिनिटं पायी. घर ते खुर्ची सव्वा तास, येताना तेवढंच. ऑफिसात पोचल्यावर मी काय करते? हेडफोन लावते आणि डेन्व्हर व अटलांटाच्या सहकाऱ्यांशी टीम्सवर बोलते. फेडरल नोकरांपैकी पाचातले चार वॉशिंग्टनच्या बाहेरच असतात, त्यामुळे बैठक पडद्यावरच होणार. शेजारच्या क्युबिकलमधला दुसऱ्या बैठकीत. एकमेकांचा आवाज ऐकू येतो म्हणून दोघंही हळू बोलतो. सुरुवातीला तर काही ठिकाणी बसायला टेबलं नव्हती, गाडी लावायला जागा नव्हती. मेरीलँडमधल्या व्हाइट ओकला औषध प्रशासनाच्या आवारात मार्च २०२५ मध्ये गाड्यांच्या रांगा लागल्याच्या बातम्या तुम्हीही वाचल्या असतील.

घरी माझी ८१ वर्षांची आई आहे. मधुमेह आहे, इन्सुलिन आहे. दोन दिवस घरी असायचे तेव्हा दुपारचं जेवण आणि सुई वेळेवर व्हायची. आता एक बाई ठेवली आहे. ती चांगली आहे, आई तिच्याशी मराठीतच बोलते आणि ती स्पॅनिशमध्ये उत्तर देते, चाललंय त्यांचं. पण महिन्याचा खर्च माझ्या टेकहोमच्या पाव हिस्सा आहे. आमच्यातल्या ज्यांनी फ्रेडरिकला किंवा त्याहून लांब घर घेतलं ते लेखी कराराच्या भरवशावरच घेतलं होतं.

आणि मुद्दा तिथेच आहे. करार. सोशल सिक्युरिटी खात्याने २०२४ च्या अखेरीस ४२ हजार कर्मचाऱ्यांच्या युनियनशी २०२९ पर्यंतचा टेलीवर्क करार केला होता. जाता जाता केलेली ती बेरीज काहींना आवडली नाही, मलाही ती घाई खटकली. पण सही ती सहीच. फेब्रुवारी २०२५ मध्ये मनुष्यबळ कार्यालयाने परिपत्रक काढलं की ऑफिसला बोलावण्याच्या अधिकाराआड येणारी युनियन करारातली कलमं लागू होणार नाहीत. २७ मार्चला आदेश आला की राष्ट्रीय सुरक्षेच्या कारणाने कित्येक खात्यांत सामूहिक वाटाघाटीचा हक्कच नाही. त्यात माजी सैनिकांची इस्पितळं आली, पर्यावरण खातं आलं. ऑगस्टच्या दुसऱ्या आदेशात पेटंट कार्यालयाचा भागही आला. पेटंट तपासण्यात कसली राष्ट्रीय सुरक्षा, हे ज्याने त्याने ठरवावं. कोर्टकज्जे सुरू आहेत.

कर्मचाऱ्यांना काय वाटतं हे विचारणारं सर्वेक्षण दरवर्षी व्हायचं. २०२५ चं रद्द केलं. ताप बघायचाच नाही म्हणून थर्मामीटर कपाटात ठेवून दिल्यासारखं.

आता आमच्या बाजूचंही जरा बोलायला हवं, नाहीतर मामा म्हणतील भाची आपलंच घोडं दामटतेय. मोठमोठ्या इमारती ओस पडल्या होत्या हे खरं. २०२३ मध्ये सरकारच्याच लेखापरीक्षकांनी सांगितलं होतं की २४ पैकी १७ खात्यांची मुख्यालयं पाव भागही भरत नाहीत. त्या इमारतींच्या देखभालीचा खर्च तुम्ही आम्ही भरतो. नव्या पोरांचे हाल झाले हेही खरं. करोनात लागलेल्या एका मुलीने दीड वर्ष मला फक्त चौकोनात पाहिलं होतं. काम शेजारी बसूनच शिकता येतं, फोन कसा घ्यायचा, साहेबाला नाही कसं म्हणायचं, हे कुठल्या मॅन्युअलमध्ये नसतं. माझ्या मते पहिली दोन वर्षं प्रत्येकाने ऑफिसातच काढावीत. आणि घरून कामाच्या नावाखाली गायब असणारेही होते. एकाचा दिवा नेहमी हिरवा असायचा आणि फोन कधी लागत नसे. पण तसा माणूस ऑफिसातही तेच करतो. खुर्चीच्या पाठीवर कोट अडकवून 'साहेब इथेच कुठेतरी आहेत' ही कला आपण अमेरिकेकडून शिकलेलो नाही. मस्टरवर सही करून नाक्यावर चहाला जाणारे मामांच्या कचेरीतही होते. अशा माणसाला काढायचा मार्ग त्याच्या कामाचा हिशेब मागण्याचा आहे, आणि तो त्याच्या थेट साहेबाने मागायचा आहे. त्यासाठी वीस लाख माणसांना एकाच काठीने हाकायचं कारण नव्हतं.

आयटीतली आपली मुलं म्हणतात, "मावशी, तुम्हाला निदान आठ महिन्यांचा पगार तरी देऊ केला. आम्हाला एका झूम कॉलवर घरी पाठवतात, आणि एच-वन असेल तर साठ दिवसांत नवी नोकरी नाहीतर विमान." त्यांच्या दुःखापुढे माझं दुःख मोठं म्हणणार नाही. पण त्यांना एक लक्षात आणून देते. फेडरल नोकरीत पगार त्यांच्यापेक्षा कमी, बोनस नाममात्र, शेअर वगैरे काही नाही. त्या बदल्यात दोन गोष्टी मिळायच्या, स्थैर्य आणि आपण उपयोगी काहीतरी करतोय ही जाणीव. स्थैर्य गेलं. ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२५ मध्ये ४३ दिवसांचा शटडाउन झाला, तोवरचा सर्वांत मोठा. विमानांचे नियंत्रक बिनपगारी टॉवरमध्ये बसले. आता जाणीवही गेली तर राहायचं कशासाठी?

भारतातल्या वाचकांना वाटेल याचा आपल्याशी काय संबंध. ज्यांची मुलं इथे आहेत त्यांना सांगते, आहे. सोशल सिक्युरिटी खात्याने २०२५ च्या सुरुवातीलाच कर्मचारी ५७ हजारांवरून ५० हजारांवर आणायचं ठरवलं. तुमच्या मुलाचं कार्ड, तुमच्या ग्रीन कार्डाचा अर्ज, इथे आलेल्या आईवडिलांचं मेडिकेअर, हे सगळं शेवटी कुठल्यातरी क्युबिकलमधल्या माणसाच्या टेबलावरून जातं. तो माणूस चिडलेला, दमलेला, नवखा किंवा जागेवरच नसलेला असेल तर रांग तुमची वाढते.

माझी भाची गेल्या मे महिन्यात सार्वजनिक प्रशासनात एमए झाली. अमेरिकन नागरिक, हुशार, आजोबांच्या महसूल खात्याच्या गोष्टी ऐकून याच वाटेला आलेली. फेडरल नोकरांत तिशीच्या आतली माणसं दहात एकही भरत नाही, तिच्यासारखीची गरज किती आहे ते यावरून समजा. तिने विचारलं, "मावशी, अर्ज करू का?" मी तिला दोन्ही बाजू सांगितल्या, शक्य तितक्या प्रामाणिकपणे, आणि कर असंच म्हटलं. तिने काउंटीच्या पाणीपुरवठा विभागात नोकरी घेतली. आठवड्यातून एक दिवस घरून काम आहे, साहेबांनी लिहून दिलंय.