पुस्तकातला ठिपक्यांचा चौकोन

बालभारतीच्या पुस्तकातल्या क्यूआर कोडवर मोबाइल धरला, की दीक्षा ॲपवर धड्याशी संबंधित साहित्य उघडतं. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पुस्तकातल्या क्यूआर कोडचा प्रयोग राज्याच्या कितीतरी आधी केला. २०२० मध्ये त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं. शैक्षणिक तंत्रज्ञान म्हणजे नुसता प्रोजेक्टर नव्हे. कुठल्या धड्याला काय दाखवायचं, कुठे थांबवून मुलांना विचारायचं, हे शिक्षकच ठरवतो.

पण अंबरनाथच्या चाळीत घरातला एकमेव मोबाइल बाबांबरोबर सकाळच्या लोकलने मुंबईला जातो. मुलाने कोड स्कॅन करायचा कशावर? म्हणून शिक्षकांना कळकळीची विनंती: व्हिडिओ गृहपाठाला देऊ नका, वर्गातच दाखवा.