लॅपटॉप मेला नाही, झोपलाय!

सबमिशनच्या आदल्या रात्री लॅपटॉपची स्क्रीन अचानक काळी होते. बटण दाबलं की सगळं जिथल्या तिथे परत येतं आणि पाच मिनिटांत पुन्हा अंधार. हॉस्टेलवरचा कुणीतरी ‘मदरबोर्ड गेला’ म्हणून मोकळा होतो आणि तुम्ही पैशांसाठी घरी फोन लावता. थांबा. आधी स्वतःच्या मनगटाकडे बघा.

घड्याळाचा चुंबकाने चिकटणारा पट्टा आहे? शेजारी इअरबड्सची डबी किंवा चुंबकवालं फोन कव्हर? मग शक्यता अशी की लॅपटॉपला झाकण बंद झाल्यासारखं वाटतंय. बहुतेक लॅपटॉपच्या स्क्रीनच्या कडेत छोटा चुंबक असतो आणि समोर, कीबोर्डच्या भागात, हॉल सेन्सर. झाकण मिटलं की चुंबक सेन्सरजवळ येतो आणि मशीन झोपी जातं. चुंबक झाकणातला की तुमच्या मनगटावरचा, हे त्या बिचाऱ्या सेन्सरला कुठून कळणार? एका लॅपटॉपवर दुसरा ठेवून काम केलंत तरी हाच घोळ होऊ शकतो.

हा ‘हॉल’ म्हणजे फर्स्ट इयरच्या फिजिक्समधलाच. १८७९ मध्ये एडविन हॉल बाल्टिमोरमध्ये पीएचडी करत होता, म्हणजे विद्यार्थीच. मॅक्सवेलसारख्या दिग्गजाच्या पुस्तकातलं एक विधान त्याला पटेना. मग त्याने सोन्याच्या पातळ वर्खातून वीज सोडली, तो चुंबकाच्या क्षेत्रात ठेवला आणि आडवा व्होल्टेज मोजून दाखवला. आपण मात्र त्याचं डेरिव्हेशन मार्कांपुरतं घोकतो. तेही भिवपुरीत बसून, जिथे घाटावरच्या ठोकरवाडी धरणाचं पाणी १९२२ पासून टाटांच्या वीजकेंद्रातली जनित्रं फिरवतंय. चुंबक आणि विजेचं नातं यापेक्षा जवळ कुठे सापडणार?

तपासणी फुकट आहे. लॅपटॉपजवळच्या सगळ्या चुंबकवाल्या वस्तू लांब ठेवा. मग इअरबड्सची डबी कीबोर्डच्या खालच्या भागावरून, कडेकडेने हळू फिरवा. स्क्रीन जिथे विझेल तिथे सेन्सर. (ही जागा वर्गमित्राच्या प्रेझेंटेशनच्या वेळी वापरू नका, प्लीज.) स्पीकरमधून काढलेला जाडजूड चुंबक नको, आणि एटीएम कार्ड, जुनी हार्ड डिस्क लांबच राहू द्या. एसएसडीला यातून धोका नाही.

खात्री करायची तर विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये झाकण मिटल्यावर ‘काहीच करू नको’ हा पर्याय निवडून बघा. त्रास थांबला तर गुन्हेगार सापडला. पण काम झालं की सेटिंग पूर्ववत करा, नाहीतर लॅपटॉप सॅकमध्ये चालूच राहील आणि भिवपुरी रोडवरून लोकलने घरी पोचेपर्यंत तव्यासारखा तापेल.

चुंबक दूर ठेवूनही स्क्रीन विझतेय? मग खुशाल दुकान गाठा. फक्त काउंटरवर पहिलं वाक्य ‘मदरबोर्ड गेलाय का?’ असं नको, ‘झाकणाचा सेन्सर आणि स्क्रीनची केबल आधी बघा’ असं असू द्या.