केबलची शेवटची वीत

विजेच्या कामातील बहुतेक उणिवा फार काळ लपून राहत नाहीत. फेजची तार सुटली तर दिवा लागत नाही. न्यूट्रल सैल झाला तर एका घरातील दिवे मंदावतात आणि शेजारच्या घरातील उपकरणे जळतात. तिन्हींपैकी एका फेजचा फ्यूज उडाला तर पंपाची मोटर नुसती घुमत राहते. आणि अशा प्रत्येक प्रसंगी तक्रार होते, वायरमनला बोलावणे जाते व कामाचा निकाल बहुधा त्याच दिवशी लागतो. अर्थिंगचे मात्र तसे नाही. ते मुळीच केलेले नसले, केलेले असून कोठे तुटलेले असले, किंवा गंजून नाममात्र उरलेले असले, तरी इमारतीतील दिवे लागतात, उद्वाहक वरखाली करतो, पाणी गच्चीवर चढते आणि वर्षानुवर्षे कोणाला कशाचीही उणीव भासत नाही. ज्या दिवशी एखाद्या तारेचे आवरण विरते आणि लोखंडी पेटीच्या अंगात वीज उतरते, त्या दिवशीच त्या तिसऱ्या जोडणीची गरज लागते, आणि ती नाही हे समजण्यासाठी त्या पेटीला हात लावणाऱ्या कोणा तरी इसमाला आपला जीव द्यावा लागतो. म्हणूनच अर्थिंगच्या बाबतीत कोणाच्याही शब्दावर विश्वास न ठेवता ते मोजलेच पाहिजे, आणि मोजलेल्या आकड्याखाली कोणाची तरी सही असलीच पाहिजे, असे माझे आग्रहाचे म्हणणे आहे.

अर्थिंगविषयी सुशिक्षितांतही एक समजूत रूढ आहे, ती अशी की जमीन ही विजेला पोटात घेते. खड्डा खणला, त्यात कोळसा आणि मीठ भरले, नळी किंवा पत्रा पुरला आणि तिथून एक पट्टी पेटीपर्यंत आणली की चुकार वीज भूमीत विरून जाते. वस्तुतः वीज कोठेही विरत नाही. जिथून ती निघाली त्या रोहित्राच्या न्यूट्रलकडे परत जाण्याचा मार्ग ती शोधत असते, आणि पेटीच्या अंगातून निघालेल्या या प्रवाहाला तो मार्ग इतका सुगम करून देणे की क्षणार्धात प्रचंड प्रवाह वाहावा आणि त्यामुळेच फ्यूज वितळावा किंवा एमसीबी, म्हणजे आपोआप पडणारा खटका, पडावा, हे अर्थिंगचे खरे प्रयोजन होय. घरगुती दाब २३० व्होल्ट धरला आणि हा संपूर्ण मार्ग, जाण्याचा व येण्याचा मिळून, अर्ध्या ओहमचा असला, तर ४६० अँपिअर प्रवाह वाहतो आणि ३२ अँपिअरचा एमसीबी डोळ्याचे पाते लवण्यापूर्वी पडतो. याच मार्गात एका सांध्याने केवळ एका ओहमची भर घातली की प्रवाह दीडशेच्या आसपास उतरतो, एमसीबीतील चुंबकीय भाग जागचा हलत नाही, उष्णतेने चालणाऱ्या दुसऱ्या भागाला काही सेकंद लागतात, आणि तेवढ्या वेळात त्या एका सांध्यावर वीस किलोवॉटहून अधिक उष्णता निर्माण होत राहते व पेटीचे अंग दीडशे व्होल्टवर उभे राहते. एक ओहम म्हणजे व्यवहारात काय? रंगावर घट्ट आवळलेला एक बोल्ट, किंवा गंजलेल्या वॉशरखाली दाबलेली एक पट्टी.

जेथे ग्राहकाचा खड्डा आणि रोहित्राचा खड्डा यांना जोडणारी धातूची तार नसून मध्ये केवळ जमीनच आहे, आणि आपल्याकडील असंख्य घरे व शेतीपंप याच स्थितीत आहेत, तेथे प्रकरण याहून बिकट आहे. दख्खनच्या काळ्या कातळात किंवा कोकणातील जांभ्यात खणलेल्या खड्ड्याचा रोध २० ओहम येणे हे काही नवल नव्हे. रोहित्राकडचा रोध ३ ओहम धरला तर एकूण २३ ओहममधून जेमतेम १० अँपिअर वाहतात. एवढ्याने १६ अँपिअरचा एमसीबीसुद्धा कधीच पडणार नाही, आणि पेटीचे अंग तब्बल २०० व्होल्टवर तासन्‌तास तसेच राहील. ओल्या अंगाच्या माणसाचा रोध हजार ओहम मानला तर त्याच्या देहातून २०० मिलीअँपिअर जातील, आणि हृदयाची लय बिघडविण्यास याच्या चौथाई प्रवाहदेखील पुरेसा होतो. अशा ठिकाणी गळणारा प्रवाह ३० मिलीअँपिअरवर पोचताच पडणाऱ्या खटक्यावाचून, म्हणजे आरसीसीबीवाचून, तरणोपाय नाही. तो बसविला म्हणजे खड्डा नसला तरी चालते असे सांगणारे काही भेटतात. ते चूक सांगतात, कारण गळणाऱ्या प्रवाहाला जमिनीकडे जाण्याची वाट आधीपासून मोकळी नसली, तर तो आरसीसीबी पडण्यासाठी त्या प्रवाहाची पहिली वाट माणसाच्या देहातूनच जावी लागते.

आता त्या जागेकडे वळतो, जिथे माझ्या मते सर्वाधिक हयगय होते. जमिनीखालून येणारी बहुतेक केबल आर्मर्ड असते: आत तांब्याच्या किंवा अॅल्युमिनियमच्या तारा, त्यांवर पीव्हीसी किंवा एक्सएलपीईचे आवरण, त्यांवर आतील म्यान, त्यांवर जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादी तारांचे किंवा पट्ट्यांचे चिलखत, आणि सर्वांवर काळे बाह्य आवरण. कुदळीच्या घावापासून आतील तारांचे रक्षण करणे हे या चिलखताचे एक काम झाले. दुसरे काम असे की कुदळ आत घुसलीच तर प्रथम चिलखताला आणि मग जिवंत तारेला लागावी, दोहोंचा संयोग व्हावा आणि मागचा फ्यूज उडावा. हे दुसरे काम चिलखत दोन्ही टोकांना नीट जोडलेले असेल तरच साधते. ते अधांतरी सोडलेले असेल तर रक्षणाऐवजी तेच विषप्रयोग करते, कारण एका टोकाला बिघाड झाला की शंभर मीटर लांबीचे संपूर्ण चिलखत, आणि त्याला चिकटून असलेली दुसऱ्या टोकाची पेटी, जिवंत होऊन बसते. आपल्याकडे सर्रास वापरल्या जाणाऱ्या साडेतीन कोअरच्या केबलमध्ये तीन फेज आणि निम्म्या जाडीचा न्यूट्रल एवढेच असते. अर्थसाठी स्वतंत्र तार तीत नसतेच, हे ध्यानात घेतले म्हणजे चिलखताच्या टोकाचे मोल अधिकच कळते. पोलादाचा रोध तांब्याच्या सुमारे आठपट असल्यामुळे केवळ चिलखतावर न विसंबता केबलीशेजारून जी.आय.ची स्वतंत्र पट्टी न्यावी हा जाणत्यांचा शिरस्ता आहे. परंतु पट्टी आहे म्हणून चिलखत सोडून द्यावे असा त्याचा अर्थ होत नाही.

हे टोक जोडण्याचे साधन म्हणजे ग्लँड. चांगल्या पितळी डबल कम्प्रेशन ग्लँडमध्ये एक शंकूच्या आकाराचा भाग असतो. बाह्य आवरण मोजून सोलावे, चिलखताची प्रत्येक तार सरळ करून त्या शंकूभोवती फुलासारखी पसरावी, वरून कडे बसवून आवळावे, म्हणजे सर्व तारा धातूच्या दोन पृष्ठांमध्ये घट्ट धरल्या जातात. आतील रबरी कडे आतल्या म्यानावर आणि बाहेरील कडे बाह्य आवरणावर बसते व पाणी चिलखतापर्यंत पोचत नाही. ग्लँडखाली अर्थ टॅग घालावा, त्यापासून पेटीतील अर्थ पट्टीपर्यंत तार न्यावी, ग्लँड प्लेटवरील रंग त्या जागी खरवडून काढावा. पेटीचे दार बिजागरीवर टांगलेले असते आणि बिजागरीत रंग, वंगण व गंज यांचीच वस्ती असते, म्हणून दारालाही तांब्याच्या विणलेल्या पट्टीने अंगाशी जोडावे. सवयीच्या हाताला हे सगळे काम तासाभराचे आहे.

प्रत्यक्षात काय दिसते ते कोणत्याही जुन्या मीटररूममध्ये किंवा रस्त्याकडेच्या फीडर पिलरमध्ये डोकावून पाहावे. ग्लँड एका मापाने मोठा आणलेला असतो, म्हणून त्यात चिंध्या किंवा टेप कोंबलेली असते. चिलखताच्या तारांपैकी दोनचार शंकूखाली येतात आणि उरलेल्या कटरने मुळापासून छाटलेल्या असतात. कित्येक ठिकाणी ग्लँडच नसतो. पत्र्याला भोक पाडून केबल तशीच आत ओढलेली असते, भोकाची धार दरवर्षी थोडी थोडी आवरणात रुतते, आणि उरलेल्या फटीतून उंदीर आणि पाली आत जातात. समुद्राकाठच्या गावांत तर बाह्य आवरण सोललेल्या जागी पावसाचे पाणी व खारी हवा लागून जस्त काही वर्षांतच जाते, आणि मग चिलखताच्या जागी हाताला लागते ती तपकिरी भुकटी.

यात एक फसगत आहे, तिचा उल्लेख न करता पुढे जाणे योग्य होणार नाही. अशा सदोष टोकाची परीक्षा साध्या मल्टिमीटरने केली तर तो उत्तम दाखला देतो. मल्टिमीटरचा प्रवाह मिलीअँपिअरांत असतो, आणि शंकूला चाटून गेलेली एकच तारदेखील त्याला पुरते; काटा शून्याजवळ जातो, शिट्टी वाजते, वहीत 'ठीक' असे लिहिले जाते. परंतु बिघाडाच्या वेळी त्या एका तारेने शेकडो अँपिअर वाहावयाचे असतात, आणि ती पहिल्याच झटक्यात वितळून मार्ग तोडते. यासाठीच २५ अँपिअरसारखा भारी प्रवाह सोडून रोध मोजणारी, किंवा फेजपासून अर्थपर्यंतच्या संपूर्ण फेऱ्याचा रोध मोजणारी यंत्रे आहेत. मेगरने आवरणाची परीक्षा होते आणि अर्थ टेस्टरने खड्ड्याची. या दोहोंच्या मधल्या मार्गाची परीक्षा मात्र ज्या यंत्राने होते ते यंत्र आपल्या बहुसंख्य ठेकेदारांच्या पेटीत नसते.

कायदा या बाबतीत मुका आहे असे कोणी म्हणू नये. १९५६ च्या भारतीय वीज नियमांनी मोटरींच्या चौकटी आणि मध्यम दाबावरील उपकरणांचे धातूचे भाग दोन स्वतंत्र व भिन्न जोडण्यांनी भूमीशी जोडण्याचा हुकूम मालकावर बजावला होता, आणि ग्राहकाच्या जागेत अर्थचे टोक उपलब्ध करून देण्याची जबाबदारी पुरवठादारावर टाकली होती. केंद्रीय वीज प्राधिकरणाच्या २०१० च्या आणि त्यानंतर २०२३ च्या विनियमांनी तीच धारा पुढे चालविली. खड्डा, पट्टी व तारा यांचे तपशील भारतीय मानक ३०४३ मध्ये आहेत. दोन जोडण्या सांगण्यामागचा हेतू उघड आहे: एक तुटली तरी दुसरी उरावी. परंतु जागेवर त्या दोन्ही पट्ट्या एकाच बोल्टखाली आवळलेल्या आणि दुसऱ्या टोकाला एकाच खड्ड्यात उतरलेल्या आढळतात, तेव्हा नियमाचे अक्षर तेवढे पाळले जाते आणि बोल्ट सैल झाला की दोन्ही जोडण्या एकदमच जातात.

दोष वायरमनच्या माथी मारून मोकळे होणे मला अन्यायाचे वाटते. सरकारी असो वा खाजगी, निविदेच्या कामात मोजमाप वहीत उतरते ते केबलचे मीटर, ग्लँडचे नग आणि खड्ड्यांची संख्या. देयक त्यावरच मंजूर होते. ग्लँड बसला एवढे मोजता येते, पण त्याच्या आत किती तारा शंकूवर आल्या हे उघडून पाहण्याचा अधिकार असलेला मनुष्य तेथे फिरकत नाही. टोके बांधण्याचे काम दर नगाला काही रुपये अशा उपठेक्याने दिले जाते, आणि दिवसाकाठी जितके नग अधिक तितकी मजुरी अधिक, अशी तजवीज ज्याने केली त्याने त्या तारा कटरने छाटण्याची सोयही करून ठेवली, असेच म्हणावे लागते.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अलीकडच्या वार्षिक अहवालांत विजेच्या धक्क्याने मरण पावणाऱ्यांची देशातील संख्या वर्षाला बारा हजारांहून अधिक आहे. त्यांतील किती मृत्यू केवळ अर्थिंगच्या अभावी झाले याची वर्गवारी त्या कोष्टकात नाही. पण मरणारे कोण असतात हे पावसाळ्यातील वृत्तपत्रे वाचणारा कोणीही सांगेल. पाण्याने भरलेल्या रस्त्यावरून जाताना दिव्याच्या खांबाला हात टेकणारे मूल, भिजलेल्या पायांनी पंपाच्या स्टार्टरचे लोखंडी खोके उघडणारा शेतकरी, टाकी भरली की नाही हे पाहायला गेलेला पहारेकरी. ज्यांनी त्या जोडणीचे देयक मंजूर केले त्यांच्यापैकी कोणी या यादीत क्वचितच असतो, आणि या अन्यायाचा मला मनस्वी संताप येतो.

मार्ग दुर्घट नाही. महाराष्ट्र अग्निप्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ अन्वये इमारतींना दर जानेवारी व जुलैमध्ये अग्निशमन व्यवस्था सुस्थितीत असल्याचा दाखला द्यावा लागतो, आणि आरंभी कटकट वाटलेली ही गोष्ट आता गृहनिर्माण संस्थांच्या अंगवळणी पडू लागली आहे. त्याच धर्तीवर प्रत्येक मीटररूम, प्रत्येक पंपाची पेटी आणि नगरपालिकेचा प्रत्येक फीडर पिलर यांसाठी वर्षातून एकदा मोजलेल्या रोधाचा आकडा, मोजणाऱ्या परवानाधारकाचे नाव, त्याचा परवाना क्रमांक आणि तारीख, हे त्या पेटीच्या दाराच्या आतील बाजूस चिकटविणे सक्तीचे करावे. नव्या कामांच्या निविदेत केबलचे टोक बांधणे व त्याची भारी प्रवाहाने परीक्षा करणे ही स्वतंत्र बाब असावी, आणि दर दहा ग्लँडांपैकी निरीक्षकाने निवडलेला एक उघडून दाखवावा, तो सदोष निघाल्यास दहाही पुन्हा बांधावेत, अशी अट घालावी. यातला खर्च संस्थेच्या रंगरंगोटीच्या तुलनेत नगण्य आहे.

मोजणी मे महिन्यात व्हावी. जमीन ओली असताना खड्ड्याचा रोध कमी येतो, आणि ऑगस्टमध्ये घेतलेला समाधानकारक आकडा मराठवाड्याच्या भेगाळलेल्या काळ्या जमिनीत एप्रिलपर्यंत कित्येक पटींनी वाढलेला असू शकतो. मेमध्ये जो खड्डा कसोटीला उतरेल तो वर्षभर उतरेल. आणि जो उतरणार नाही, त्याची दुरुस्ती करण्यास पहिल्या पावसापूर्वी निदान दोन आठवडे हाती राहतील.