हिशेब हा हक्क आहे, बक्षीस नव्हे

“राजीनामा तू दिलास ना? मग मिळेल ते घे आणि गुपचूप गावी जा.” आखातातील आपल्या घरांतून हा सल्ला वडीलकीने दिला जातो. आम्हांस तो मान्य नाही. तो लाचारीचा आहे, आणि संयुक्त अरब अमिरातीत तर आता त्याला कायद्याचाही आधार उरलेला नाही.

१९८० चा जुना कायदा राजीनामा देणाऱ्याला खरोखरच दंड करीत असे. मुदतीच्या करारावरील कामगाराने पाच वर्षांच्या आत नोकरी सोडली तर ग्रॅच्युइटी बुडे. बेमुदत करारावर तिला कात्री लागे. २ फेब्रुवारी २०२२ पासून लागू झालेल्या कायद्याने हा दंड काढून टाकला. सलग एक वर्ष सेवा झाली की राजीनामा देणाऱ्यालाही पहिल्या पाच वर्षांसाठी दरसाल २१ दिवसांचे आणि पुढे दरसाल ३० दिवसांचे मूळ वेतन मिळते. मूळ वेतन ३००० दिरहम असेल तर चार वर्षांचे ८४०० दिरहम होतात. थकलेला पगार व शिल्लक रजेचे पैसे यांसह सारा हिशेब करार संपल्यापासून १४ दिवसांत चुकता झाला पाहिजे. नोटिशीची मुदत पाळणे हे मात्र आपले कर्तव्य.

बोनस कायद्याने सक्तीचा नाही. परंतु करारात तो निश्चित लिहिला असेल तर ते देणे ठरते, मेहेरबानी नव्हे. ‘मालकाच्या मर्जीनुसार’ हे शब्द कुठे दडले आहेत ते सहीपूर्वीच पाहावे.

मर्जीचे मोल आपल्याला कोणी शिकवावे? आपल्या पूर्वजांच्या राबण्याला वेळ नव्हती आणि बलुत्याला हिशेब नव्हता. ती गुलामी मोडण्यासाठीच बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदे मंडळात वतन बिल मांडले. त्यांच्या अनुयायांनी परदेशी कचेरीत पुन्हा हात पसरून उभे राहावे काय?

म्हणून आमचे सांगणे स्पष्ट आहे. पैसे हाती येण्यापूर्वी ‘सर्व रक्कम मिळाली’ अशा कागदावर सही करू नका. करार आणि पगाराच्या पावत्या जपून ठेवा. मालक टाळाटाळ करील तर मनुष्यबळ मंत्रालयाकडे तक्रार करा. २०२४ च्या दुरुस्तीने दाव्याची मुदत एक वर्षावरून दोन वर्षे झाली आहे. घामाचा हिशेब मागणे हा उद्धटपणा नव्हे. तो न मागणे हाच स्वाभिमानाचा अपमान आहे.