शनिवार त्यांचा, सोमवार कोणाचा?

आमच्या तालुक्यातल्या गावबैठकांमध्ये हल्ली एक मागणी हमखास पुढे येते : किनाऱ्यावर तोकड्या कपड्यांत फिरणाऱ्या पोरींना बंदी करा. मागणी मांडतो एखादा पुरुष, आणि हात वर करायला बायकांना आधीच बोलावून बसवलेलं असतं. मी अलिबागला बचत गटांबरोबर काम करते. या मागणीला माझा विरोध आहे. आणि ज्या पर्यटनाच्या रागातून ती येते, त्या पर्यटनालाही माझा विरोध आहे. हे दोन्ही एकदम कसं, असं आपल्यातल्याच काही मैत्रिणी विचारतात, म्हणून हे लिहिते आहे.

मार्च 2020 मध्ये भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो बोट सुरू झाली. जानेवारी 2024 मध्ये अटल सेतू झाला. मुंबई आमच्या दारात आली. किहीम, वरसोली, आक्षी, नागाव, खाली काशीदपर्यंत नारळी-पोफळीच्या वाड्यांमध्ये बंगले उभे राहिले, त्यांना आता व्हिला म्हणायचं. प्रत्येकाला पोहण्याचा तलाव हवाच, समुद्र शंभर पावलांवर असला तरी! मे महिन्यात गावातल्या विहिरी तळाला जातात, तेव्हाही तलाव भरायला टँकर येतो. उमटे धरणातल्या गाळाची तक्रार वर्षानुवर्षं ऐकते आहे, पण व्हिलाचा तलाव कोरडा पडल्याची तक्रार एकदाही माझ्या कानावर आलेली नाही.

शनिवारी रात्री मोठमोठ्यानं गाणी लागतात, बाटल्या फुटतात. सोमवारी त्या बाटल्या वेचणारी, उलट्यांनी भरलेल्या चादरी धुणारी, तलावाकाठची काच उचलणारी गावातलीच बाई असते. तिला रोज ठरवून मिळतो तो शनिवार-रविवारचा, पावसाळ्यात तोही नाही. "बाटल्या आमी उचलाच्या न पैसं त्यानी मोजाचं," असं एकजण बैठकीत म्हणाली, तेव्हा सगळ्या हसल्या. मला हसू आलं नाही.

पण व्हिलाला शिव्या घालणं सोपं आहे. आपल्या स्वतःच्या घरातल्या होमस्टेचं काय? पाटीवर लिहिलेलं असतं 'घरगुती जेवण'. ते घरगुती म्हणजे नेमकं काय? पहाटे मासळी आणणं, वाटण, भाकऱ्या, रात्री अकरा वाजता पुन्हा तळण, वर पाहुण्यांची आंघोळीची पाणी. स्वतःची खोली पाहुण्यांना देऊन ती पोरांना घेऊन स्वयंपाकघरात निजते. खोलीचं भाडं नवरा घेतो. ताटाचा दर ठरवताना मासे, तेल, गॅस सगळं धरतात, तिच्या हातांचं मात्र काहीच धरत नाहीत. "घरचंच तर काम आहे." हे वाक्य आपण किती वर्षं ऐकतोय!

राज्य सरकारनं 2023 मध्ये महिलांसाठी पर्यटन धोरण आणलं, नाव ठेवलं 'आई'. (नाव ठेवताना बाईची आई करायचा मोह काही सुटत नाही.) पर्यटन व्यवसायासाठी बाईच्या नावावर 15 लाखांपर्यंतच्या कर्जाचं व्याज सरकार परत करणार. चांगलं आहे. पण घर, वाडी कोणाच्या नावावर आहे? सातबाऱ्यावर तिचं नाव नाही, बँक तारण मागते, मग कर्ज तिच्या नावावर आणि कारभार त्याचा. हप्ता थकला की मात्र नोटीस तिला येईल.

दारूचंही तसंच. 2008 च्या आदेशानं गावातल्या बायकांना मोठा अधिकार दिला : 25 टक्के महिला मतदारांनी मागणी केली तर मतदान, आणि निम्म्याहून जास्त महिलांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला तर दुकान बंद. महाराष्ट्रात कितीतरी गावांनी ही लढाई जिंकली. पण आमच्याकडे दारू गाडीच्या डिकीतून येते. जिथे दुकानच नाही तिथे आडवी बाटली कोणाला दाखवायची? आणि या दारूचा पहिला त्रास होतो तो जेवण वाढणाऱ्या बाईलाच. "काकी, बर्फ आणा" पासून सुरू होतं आणि हात धरण्यापर्यंत जातं. ती बोलत नाही, कारण पाहुणा मोबाइलवर वाईट शेरा लिहील आणि पुढचे चार शनिवार रिकामे जातील. 2013 च्या लैंगिक छळविरोधी कायद्यानं दहापेक्षा कमी कामगार असलेल्या जागांसाठी आणि घरकामगारांसाठी प्रत्येक जिल्ह्यात स्थानिक समिती ठेवली आहे. तीन महिन्यांत तक्रार करता येते. मी प्रत्येक बैठकीत विचारते, हे कोणाला ठाऊक आहे? अजून एकही हात वर आलेला नाही.

लाओस देशातलं वांग विएंग पाहा. डोंगरातलं छोटं गाव. 1999 च्या सुमाराला टायरच्या ट्यूबवर बसून नदीतून वाहत जाण्याचा खेळ तिथे सुरू झाला. मग काठाकाठानं बार आले. 2011 या एका वर्षात तिथल्या रुग्णालयात 27 पर्यटकांच्या मृत्यूची नोंद झाली. 2012 मध्ये सरकारनं काठावरचे बार बंद केले, आणि सगळं ठीक झालं असं जगानं मानलं. नोव्हेंबर 2024 मध्ये त्याच गावात मिथेनॉल मिसळलेल्या दारूनं सहा परदेशी पर्यटक मेले. त्यातल्या पाच तरुण बायका होत्या. तोकड्या कपड्यांच्या मुलींवर बंदी मागणाऱ्यांनी हे वाचावं. त्या मुली कपड्यांनी मेल्या नाहीत, विषारी दारू विकणाऱ्याच्या नफ्यानं मेल्या. मुंबईहून आमच्या किनाऱ्यावर येणारी मुलगीही दोन दिवस मोकळा श्वास घ्यायलाच येते. तिच्यात आणि चादरी धुणाऱ्या बाईत भांडण लावून देणं पुरुषांच्या सोयीचं आहे, आपल्या नाही.

आमच्या जिल्ह्यातही नदीचा खेळ आहेच. कोलाडला कुंडलिकेत राफ्टिंग चालतं, ते भिऱ्याला वीज तयार करून सोडलेल्या पाण्यावर. ते पाणी मुळशीचं, ज्यासाठी 1921 मध्ये सेनापती बापटांबरोबर मावळे धरणाविरुद्ध उतरले होते, त्यात बायकाही होत्या. बुडाली त्यांची शेतं, आज त्या पाण्यावर कोण तरतं आहे?

म्हणून येत्या ग्रामसभेत कपड्यांची मागणी आली तर आम्ही दुसरा ठराव मांडणार आहोत. व्हिला आणि होमस्टेत काम करणाऱ्या प्रत्येक बाईची नोंद ग्रामपंचायतीत व्हावी. पावसाळ्यातल्या महिन्यांचं काय ते मालकानं लेखी द्यावं. तलावाच्या पाण्यावर आणि कचऱ्यावर वेगळा कर लागावा. स्थानिक समितीचा पत्ता प्रत्येक स्वयंपाकघराच्या दारावर लागावा, आणि होमस्टेच्या घरावर बायकोचं नाव चढावं. शेवटच्या मुद्द्याला सर्वात जास्त विरोध होणार, हे आम्ही धरून चाललो आहोत. ठरावाचा मसुदा तयार आहे. तुमच्या गावात मांडायचा असेल तर मासिकाच्या पत्त्यावर कळवा, पाठवून देऊ.