भोकात बसतं म्हणून चालतं?

‘पिन बसते ना? मग झालं!’ लॅमिंग्टन रोड असो की पुण्याची तपकीर गल्ली, हार्ड डिस्कच्या केसिंगला अडॅप्टर मागितला की काउंटरपलीकडून हे ब्रह्मवाक्य येतं आणि माझं टाळकं सटकतं. पिन बसते म्हणून सगळं चालत असेल, तर लेबलवर आकडे कशाला छापतात?

5.5 मिलिमीटरची ती गोल पिन राउटरला, सीसीटीव्हीला, एलईडीच्या पट्टीला, काही लॅपटॉपनाही असते. 12 व्होल्टच्या केसिंगमध्ये लॅपटॉपचे 19 व्होल्ट घुसवा, सर्किटचं वाटोळं झालंच समजा.

ती चूक निदान लगेच कळते. खरा छळ कमी अँपिअरचा. साडेतीन इंची डिस्क थांबलेल्या तबकड्या मिनिटाला 5400 किंवा 7200 फेऱ्यांपर्यंत नेताना 12 व्होल्टवर दीड-दोन अँपिअर ओढते; वेग आला की मागणी उतरते. राउटरचा 1 अँपिअरचा अडॅप्टर नेमका त्या सुरुवातीलाच मान टाकतो. व्होल्टेज पडतं, डिस्क बंद पडते, पुन्हा उठू पाहते. टक्, टक्, टक्. मालक म्हणतो ‘डिस्क गेली’ आणि नवी आणायला धावतो. दुकानदाराचा काय, दोन्ही वेळा गल्लाच भरतो.

वर ‘अँपिअर जास्त झाले तर जळेल’ ही आवई. अहो, डिस्क लागेल तेवढेच अँपिअर ओढते. तिच्यावर लादले जातात ते व्होल्ट! 12 व्होल्ट नेमके हवेत. अँपिअर किमान 2, तीन असले तर उत्तमच. आणि पिनेतलं भोक 2.1 की 2.5 मिलिमीटर, तेही बघा. 2.5चं भोक 2.1च्या दांडीवर सैल बसतं, टेबलाला धक्का लागला की फाइल अर्ध्यात असताना वीज गुल.

केसिंग बनवणारेही काही कमी नाहीत. भोकाशेजारी ‘12 व्होल्ट, 2 अँपिअर, मध्ये धन’ एवढं छापताना कित्येकांची शाई संपते. आकडे फक्त अडॅप्टरवर. तो हरवला की ग्राहकाने ज्योतिषी गाठावा! अडॅप्टरवर छापलेले 2 अँपिअर तरी खरे कशावरून? भारतीय मानक ब्यूरोची नोंदणी सक्तीची आहे. ‘आर’ने सुरू होणारा क्रमांक असतो, बीआयएस केअर ॲपवर तपासता येतो. तो मागून बघा; दुकानदार असा बघतो, जणू त्याच्या जमिनीचा सातबारा मागितलाय.